थंडीचा उतारा

हंगामात माझ्या आठवड्याला सोमवार-मंगळवार नसतात. चार ते बारा, बारा ते आठ आणि आठ ते चार, एवढे तीनच वार असतात. साखर कारखान्याच्या पाळ्या अशाच चालतात, आणि पहिल्या पाळीचे चार म्हणजे पहाटेचे चार. दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटतो, दिवाळीच्या मागेपुढे गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि तिथून मार्चमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखाना दम घेत नाही. बाकीच्यांची थंडी म्हणजे शाली, लग्नं, सहली, हुरड्याची आमंत्रणं. आमची थंडी म्हणजे दर तासाला नमुना.

कृष्णाकाठच्या एका कारखान्यात मी लॅब केमिस्ट आहे. हा माझा १७ वा हंगाम. काम सांगायला सोपं आहे. मिलमधून येणारा रस, निवळलेला रस, पाक, मळी, चिपाड, सगळ्यांचे नमुने घ्यायचे, ब्रिक्स बघायचा, पोल बघायचा, शुद्धता काढायची, रजिस्टरात भरायचं. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळं मिळून किती, आणि पोल म्हणजे त्यातली साखर किती. तासानं पुन्हा तेच. या सगळ्या आकड्यांच्या पोटातून शेवटी एकच आकडा बाहेर येतो, त्याला उतारा म्हणतात. शंभर किलो उसातून किती किलो साखर उतरली, तो उतारा. आमच्याकडे चहाच्या टपरीवरही लोक क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा तो विचारतात, कारण उसाचा दर त्याला बांधलेला आहे. एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दराचा, पाया १०.२५ टक्क्यांचा, त्याच्यावर जेवढं चढेल तेवढे पैसे जास्त.

आमच्या घरात विचारणारा माणूस म्हणजे आण्णा, माझे वडील. दीड एकर ऊस, त्यात अर्धा शहाऐंशी बत्तीस जातीचा आणि अर्धा दोनशे पासष्ट. मी घरात पाय टाकला की चपला काढायच्या आत, "किती?" मी आकडा सांगितला की "हूं" म्हणतात. त्या हुंकाराचा अर्थ, तुमच्या लॅबचा आकडा आणि पंचांगातला पाऊस, दोन्ही छापील. इथेनॉलसाठी बी-हेवी मळी, म्हणजे साखर शिल्लक असलेली मळी, वळवली की साखरेचा उतारा कागदावर कमी दिसतो, हे मी त्यांना तीन वर्षं समजावतोय. समजतं त्यांना. पटत नाही.

तर, या हंगामाच्या रजिस्टराशिवाय माझ्याकडे आणखी एक वही आहे. तीन वर्षांपूर्वी, आठ ते चारची पाळी करून उठलो होतो तेव्हा लेकीनं विचारलं, "पप्पा, काल तुम्ही काय जेवला?" आणि मला आठवेना. रात्री दोनचं पोल आठवत होतं, दशांशासकट. जेवण आठवेना. त्या दिवशी खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी काढली आणि त्यात वेळ आणि पदार्थ लिहायला लागलो. फार काही नाही, एक ओळ. 'रात्री १.२०, शिळी भाकरी, दही, कच्चा कांदा.' 'पहाटे ३.५०, टपरीवरचा पहिला चहा, आलं जास्त.' नमुना घेतल्यासारखं. चांगलं-वाईट लिहायचं नाही, फक्त नोंद.

लोकांना वाटतं साखर कारखान्यातला माणूस दिवसभर गोड खात असणार. पाहुणे हसून विचारतात. खरी गोष्ट अशी की हंगामात गोडाचं नाव नको वाटतं. मळीचा तो गोड-आंबूस वास कपड्यांत, केसांत, मोटारसायकलच्या सीटमध्ये बसलेला असतो. बायको नोव्हेंबरात हौसेनं डिंकाचे लाडू करते आणि डब्यात देते, ते मी शिफ्टमधल्या पोरांना वाटून टाकतो. (हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती आता दहा जास्तीचे करते.) जिभेला हवं असतं तिखट, आंबट, खारट. माझ्या वहीत गेल्या वर्षीच्या डिसेंबरात सर्वांत जास्त वेळा आलेला पदार्थ खरडा आहे. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, चार शेंगदाणे तव्यावर भाजून तिथंच वाटीच्या बुडानं खरडायचे, वरून कच्चं तेल. मिक्सरमधून काढलेल्याला खरडा म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो हिरवा लगदा असतो.

आंबटाचं म्हणाल तर हरभरा. डिसेंबर सरताना हरभऱ्याच्या पानांवर पहाटे जी आंब धरते ती माझ्या लहानपणी आजी फडक्यानं गोळा करायची. कोरडं धोतर रोपांवरून पसरून टाकायचं, दवात भिजलं की पिळून बाटलीत भरायचं, पोटदुखीला वर्षभर पुरायचं. मी केमिस्ट झाल्यावर कळलं की पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. आजीला नाव माहीत नव्हतं, पण सूर्य वर आला की आंब जाते हे पक्कं माहीत होतं. चार ते बाराच्या पाळीला जाताना हे जमत नाही, काळोख असतो. पण आठ ते चारची पाळी सुटल्यावर कधीतरी घरी न जाता, नुसतं रानात बसून राहतो. उजाडायच्या सुमारास हरभऱ्याचे चार शेंडे खुडून तोंडात टाकले की रात्रभराची मळी जिभेवरून उतरते. बोटंही चाटून घ्यायची, खरी आंब बोटांवर असते.

साडेतीनचा रस्ता हे वेगळंच प्रकरण आहे. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, असलाच तर चिखलानं माखलेला रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून कर्ण्यातून फुल आवाजात गाणी. आधी गाणं ऐकू येतं, मग उसाचा डोंगर दिसतो. त्याच्या पुढे बैलगाड्या, गाडीखाली लोंबणारा कंदील, आणि वर उसावरच गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला गाडीवान. बैलांना रस्ता पाठ असतो. कानटोपी, मफलर, त्यावर हेल्मेट, आतून दोन स्वेटर, एवढं घालूनही हाताची बोटं कारखान्याच्या गेटपर्यंत पोहोचायच्या आत मेलेली असतात. गेटसमोरच्या टपरीवर मी चहा आधी पीत नाही, ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसतो. चहावाला हल्ली गुळाचाही चहा ठेवतो, तो पाच रुपये महाग. दूध फाटू नये म्हणून तो पातेलं उतरवल्यावर मग गूळ घालतो. मी आपला साखरेचाच पितो. पगार तिथून येतो.

गेल्या डिसेंबरात याच रस्त्यावर, कारखान्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर, माझं मागचं चाक बसलं. पावणेचार झाले असतील. रस्त्याकडेच्या माळावर बीडकडच्या तोडणी टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या, आणि प्रत्येक कोपीपुढे चूल पेटलेली. मला वाटायचं आपणच लवकर उठतो. त्या बायका तीनला उठून भाकरीला लागतात, कारण उजाडायच्या आधी फडात पोहोचायचं असतं. एकीनं हाक मारली, "या की दादा, शेका जरा." मी गाडी लावली आणि चुलीपाशी उकिडवा बसलो. तिनं तव्यावरची बाजरीची भाकरी काढून चुलीच्या अंगाला उभी केली, ती टम्म फुगली, आणि अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली. वर ठेचा, वर तेलाची धार. आमच्याकडे खरडा, त्यांच्याकडे ठेचा, मिरची तीच. मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण भाकरीचा वास आधी पोहोचला. बाजरीची, धुराची, तव्याबाहेर जळलेल्या कडेची अशी भाकरी मी घरी कधी खाल्लेली नाही. घरी गॅस आहे.

मग कोरा चहा दिला. बोलता बोलता म्हणाली, "साखर लई महाग झाली ओ. पावशेर आणते, दोन दिस पुरत न्हाई." तिला मी कारखान्यातला आहे हे सांगितलेलं नव्हतं, पण माझ्या जर्किनवर नाव होतं, आणि ते तिला वाचता येत नसावं किंवा येत असूनही तिनं म्हटलं असावं. ती आणि तिचा नवरा मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या नावावर, हिशेबात ते दोघे एक. दिवसाला जो ऊस ती तोडते त्याची साखर माझ्या रजिस्टरात दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत मोजलेली असते. चहा गोड होता. माझ्यासाठी जास्त घातली असावी.

चार दिवसांनी मी दुकानातून दोन किलो साखर घेऊन त्या माळावर गेलो. कोप्या हलल्या होत्या. चुलीचे तीन दगड आणि वाढ्यांचा चोथा तेवढा पडलेला. फड संपला की टोळी पुढच्या गावाला जाते, हे मला १७ वर्षं माहीत आहे. साखर घरी आणली. बायकोनं विचारलं, "घरात सभासदाची साखर असताना ही कशाला?" काय सांगायचं सुचलं नाही. त्या दिवशी वहीत दोन ओळी आहेत, आणि दुसरी मी खोडली आहे.

कारखान्याच्या आत मात्र थंडी फार वेळ टिकत नाही. लॅब गार असते, पण चार पावलांवर बॉयलर हाऊस. चरकातून निघालेलं चिपाड, म्हणजे बगॅस, तेच जळण. ऊस स्वतःला शिजवायला लागणारी आच स्वतःच घेऊन येतो, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. तिथं वाफेच्या एका पाइपच्या वळणावर डबे ठेवायची जागा आहे. अधिकृत नाही. सेफ्टी ऑफिसर आला की डबे गायब होतात, गेला की परत येतात. त्या पाइपवर तासभर ठेवलेलं पिठलं मूळच्या पिठल्यापेक्षा चांगलं लागतं, कडेनं जरा आटलेलं, खरपूस. लॅबमध्ये कुणी काही खात नाही, तिथं रस साफ करायचं विषारी लेड सबॲसिटेट असतं. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट ओरडून सांगतो.

रात्री दोनच्या सुमाराला पॅनवर जायला मला आवडतं. काम असतंच असं नाही. व्हॅक्यूम पॅनमध्ये पाक उकळत असतो, आणि जुना पॅनमन दर थोड्या वेळानं दांड्यानं नमुना काढून काचेच्या पट्टीवर पसरतो, ती दिव्यापुढे धरतो आणि दाणा बघतो. मी खाली ज्याला आकडा देतो ते तो वर डोळ्यांनी ओळखतो. "आज दाणा हसतोय," असं एकदा म्हणाला. म्हणजे काय ते विचारायची हिंमत झाली नाही. पॅनमध्ये हवा काढून टाकलेली असल्यामुळे पाक ६५-७० अंशांनाच उकळतो, म्हणून साखर पांढरी राहते, आणि म्हणूनच तिला स्वतःचा वास नसतो. गुळाचं उलटं. काहील उघडी, रस पेटत्या चुलवाणावर ११८ अंशांच्या आसपास चढतो, साखर थोडी करपते, रंग येतो आणि वास कोसभर जातो.

वास म्हणजे गुऱ्हाळ. साप्ताहिक सुट्टी हंगामात नावालाच, पण जानेवारीतली एक मी गुऱ्हाळावर घालवतो. आमच्या पंचक्रोशीत लहानपणी पाच-सहा गुऱ्हाळं होती, आता एकच धुगधुगतं आहे. तिथला गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी वळतो आणि मग ओरडतो, "ओढा!" त्याच्या त्या एका शब्दावर माणसं काहिलीला भिडतात. मी गोड खात नाही म्हणालो ना? वाफ्यात ओतलेला गूळ घट्ट होत असताना त्याच्या कडेला जो मऊ, कोमट पदर राहतो तो ओल्या खोबऱ्याच्या तुकड्यावर घेऊन खाणं यात मोडत नाही. ते वेगळं.

भोगीला, म्हणजे १३ जानेवारीला, यंदा माझी चार ते बाराची पाळी होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, राळ्याचा भात, आणि ती भाजी, वांगं, गाजर, पावटा, घाटे, उसाच्या करव्या, बोरं, जे काय रानात तयार असेल ते सगळं तिळकुटात. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं आई दरवर्षी म्हणायची, आता बायको म्हणते. पण रिलिव्हर दोन तास उशिरा आला. घरी पोहोचलो तर सगळ्यांची जेवणं होऊन गेलेली, ताट झाकलेलं. भाजी गार झाली होती. तिळाचं तेल सुटून वर आलं होतं, वांग्यानं सगळी चव पिऊन घेतली होती. गरम असताना ती भाजी प्रत्येक भाजीची वेगवेगळी लागते, गार झाल्यावर एक होते. मला पहिल्यांदाच कळलं, कारण आयुष्यात वेळेवर जेवलेल्या भोगीत ती गार व्हायच्या आत संपलेली असायची. बोराची आठोळी चोखत मी बराच वेळ बसून राहिलो. सोप्यात आण्णा झोपले होते, उताऱ्याचं कुणी विचारलं नाही.

आणि मग ती रात्र. जानेवारीच्या शेवटी दोन दिवस ढग आले आणि अवेळी पाऊस पडला. रानं चिखलली, फडातून गाड्या निघेनात, आणि रात्री एकच्या पुढे गव्हाण रिकामी झाली. 'नो केन.' मिल थांबली. ज्यानं कारखान्यात पाळी केलेली नाही त्याला ही शांतता सांगता येणार नाही. आवाज बंद झाल्यावर कान दुखायला लागतात. वरच्या साहेबांचे फोन सुरू झाले, शेतकी खात्याची पोरं शिव्या खात होती, तासाला किती नुकसान याचे हिशेब होत होते. त्यात आम्हां लॅबवाल्यांना करण्यासारखं काही नव्हतं. रसच नाही तर नमुना कसला?

बॉयलरवरच्या एका मामांनी पोत्यातून रताळी काढली. कधीपासून आणून ठेवली होती देव जाणे. भट्टीतून ओढलेल्या राखेच्या ढिगात ती पुरली, वर आणखी राख लोटली आणि आम्ही सहा-सात जण भोवती बसलो. पाऊण तास. कुणी फार बोललं नाही. एक जण उभ्या उभ्या झोपला. राख झटकून रताळं मोडलं तेव्हा आतून वाफ आली, आणि साल तर नुसती काळी कागदासारखी सुटली. कुणीतरी मीठ-तिखटाची पुडी काढली. मामांनी निघताना एक मोठं रताळं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या जर्किनच्या खिशात घातलं. "आण्णास्नी द्या." आण्णा आणि ते एके काळी एकाच तालमीत होते.

चारला पाळी सुटली तेव्हा पाऊस थांबला होता आणि ढग फाटून कडक गारठा सुटला होता. रताळं पोटाशी ठेवून गाडी हाणली. गेल्या कित्येक थंडीत पहिल्यांदा माझं पोट तरी गरम होतं. घरी पोहोचलो तर आण्णा जागे, नेहमीप्रमाणे बंब पेटवून त्याच्यापुढे बसलेले. धलप्या, गोवऱ्यांचा चुरा, उसाचं पाचट, जे हाताला लागेल ते ते त्या तांब्याच्या बंबात घालत असतात. सोलर बसवून चार वर्षं झाली. त्याला ते पाणी म्हणत नाहीत.

मी शेजारी पाटावर बसलो. रताळं दिलं. कुणी दिलं ते सांगितल्यावर हसले. दोन तुकडे केले, मोठा मला दिला. मी पोटभर खाऊन आलो होतो, तरी घेतला. अंगणातल्या कुत्र्यानं हातपाय ताणले, आमच्याकडे बघून पुन्हा मुटकुळं केलं.

"मिल बंद पडली म्हणे," आण्णा म्हणाले. टपरीवरची बातमी माझ्याआधी घरी पोहोचली होती.

"ऊसच न्हाई. पाऊस."

"हूं. काल किती बसला?"

"अकरा शहाण्णव."

यावेळी हुंकार आला नाही. त्यांनी दाराबाहेर, दोनशे पासष्टच्या दिशेला बघितलं. तिथं अजून काळोख होता. यंदा तोडीची चिठ्ठी आमच्याकडे फेब्रुवारीतच येणार होती, आणि त्यांना त्याचं फार वाईट वाटत नव्हतं. रात्री गार पडल्या की ऊस वाढायचा थांबतो. पानं दिवसा उन्हात साखर करतच राहतात, पण ती वाढीत खर्ची पडत नाही, कांड्यात साठते. हे मी कॉलेजात शिकलो. त्यांनी मला त्याच्याही आधी शिकवलं होतं, दातांनी कांडं सोलून, जानेवारीच्या एका सकाळी.

त्यांनी घोंगडीचं टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि बंबात आणखी एक धलपी सारली.

"पडू दे अजून महिनाभर गार," म्हणाले.